अक्का, सैंधवही मीठच असतं

अक्का, तू गेल्यावर घरात पहिलं भांडण झालं ते डाळीवरून. तुझ्या नावानं जेवू घालायचं होतं, माणसं येणार होती, म्हणून तुझी सून सविता दुकानातून पाकिटातली तूरडाळ घेऊन आली. मी लगेच तोंड सोडलं. घरात डबा भरून डाळ असताना ही चकचकीत पॉलिशची डाळ कशाला आणलीस, सासू असती तर हिला हात लावला नसता, असं काय काय बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, डब्यातली आत्याबाईच्या हातची हाय. मला काढवंना." माझी मान खाली गेली. तू असताना तुझ्या सुनेला मी कधी एका शब्दानं बोलले नव्हते, आणि तू जाऊन चार दिवस झाले नाहीत तर बोलून बसले.

हे सांगायला मी लिहायला बसले नाही. सांगायचंय ते दुसरंच आहे, आणि ते तोंडातून निघेना म्हणून डाळीपासून सुरुवात केली. माझी सवय तुला नवी नाही.

त्या डाळीचे तरी किती सोहळे असायचे तुझे. संक्रांतीनंतर नवी तूर निघाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतं आणायचीस, गिरणीतून भरडून घ्यायचीस, एरंडेलाचा हात लावून उन्हात तापवायचीस, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरायचीस. तुझं म्हणणं, घरात पाच डबे भरलेले असले की वाण्याच्या दुकानाकडं वर्षभर तोंड करायचं काम नाही. ज्वारी, तूर, मूग, जवस, शेंगा. बाकी काय ते त्या-त्या महिन्यात बाजारात येतं, तेच खायचं. थंडीत करडईची भाजी, उन्हाळ्यात अंबाडी अन् चुका, पावसाळ्यात बांधावरची घोळ. "ज्या महिन्यात जे सस्त हाय तेच त्या महिन्यात पोटाला बरं असतंय," असं तू म्हणायचीस, आणि मी तुझी थट्टा करायची की देवानं बाजारभाव बघून ऋतू केलेत का काय.

दुपारी तुझ्या दारातल्या ओट्यावर गल्लीतल्या बाया जमायच्या. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या हातात निवडायची मेथी. हुलसूरला तुझ्याकडं आले की मी आत लोळत पडलेली असायची आणि बाहेरून तुझा आवाज यायचा. "अगं, भरल्या पोटी बाजारला जावं. उपाशी बाई पिशवी भरती, जेवलेली बाई गरजेपुरतं आणती." "कोथिंबिरीचं देठ कामून टाकायलीस? वरणात जाऊ दे की." "दुधीची साल तिळासंगं परतून चटणी कर, पोरं बोटं चाटत्यात." "तेल बाटलीनं वतायचं न्हाई. चमचा घे. हाताला मोजायची सवय लागली की महिनाभर डबा पुरतोय." कुणी नव्या सुनेनं पोरासाठी बिस्किटाचा पुडा काढला की तू तिला आदल्या दिवशीची भाकरी ताकात कुस्करून, वर लसणाची चटणी घालून द्यायला लावायचीस. आधी नाक मुरडायची पोरं, मग वाटी पुढं करायची.

तू सातवी शिकलेली. मी बीदरला हायस्कुलात विज्ञान शिकवते. आणि तुला खरं सांगू का, तुझ्या त्या ओट्याचा मला राग यायचा. मी वर्गात पोषणाचा धडा शिकवते तेव्हा मागच्या बाकावरची झोपतात, आणि तुझ्यासमोर बाया तोंडात पदर धरून ऐकत बसतात, हे मला बघवायचं नाही. धाकटी बहीण होते मी तुझी, हेवा दुसऱ्या कुणाचा करणार.

तुझ्या भाकरीवरच मी शिकले, हे मात्र विसरले नव्हते. बीदरला खोली घेऊन बी.एस्सी. करत होते तेव्हा दर आठवड्याला भालकीच्या बसमध्ये कंडक्टरकडं फडकं बांधून द्यायचीस. कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाची चटणी, कधी गुळाची ढेकळं. मेसचा खर्च वाचला म्हणून मी पुस्तकं घेतली. खोलीतल्या मुली माझ्या फडक्याची वाट बघायच्या. तेव्हा तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील, सासू होती, दीर होते. त्या भाकऱ्या तू कुणाला काय सांगून थापत होतीस, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

पगार सुरू झाल्यावर माझं डोकं फिरलं. ओट्स, बहुधान्याचं पीठ, कसल्या कसल्या बियांच्या पुड्या. आठवतं का, मी चिया आणून तुझ्यासमोर पाण्यात भिजवलं होतं. तू वाटीत बोट घालून बघितलंस आणि म्हणालीस, "हे सब्जाचं भाऊबंदच दिसायलंय की." मी तुला ओमेगाचं व्याख्यान दिलं. तू शांतपणे विचारलंस, "मग ते जवसात न्हाई का?" अक्का, जवसात असतं. मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "ते वेगळं असतंय, तुला न्हाई कळायचं." तू उठून जवसाची चटणी माझ्या डब्यात भरून दिलीस. तो वाद तसाच राहिला. तू जिंकली होतीस, मी सांगितलं नाही एवढंच.

आता येते मूळ गोष्टीवर.

दोन वर्षांपूर्वी तुझं डोकं जड राहायला लागलं, डॉक्टरांनी बीपी सांगितलं, गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. तू गोळी नेमानं घेतलीस. मिठाचं काही तुला जमेना. एका संध्याकाळी तुझा फोन आला. मी परीक्षेचे पेपर तपासत होते, मान अवघडलेली, पोरांनी उत्तरात काहीही लिहिलेलं.

"सुमे, मीठ कमी केलंय गं, पर वरण घशाखाली उतरंना. मातीवानी लागायलंय."

"मग सैंधव टाक."

"त्यानं बीपी वाढत न्हाई का?"

"न्हाई. खडकातलं असतंय ते, नैसर्गिक. साधं मीठ वाईट, सैंधवानं काय होत न्हाई."

"पक्कं म्हाईत हाय का तुला? डॉक्टरला इचारू का?"

"विज्ञान मी शिकवते का तू?"

तू हसलीस. "तूच बाई, तूच," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

कुठं वाचलं होतं मी ते? मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं काहीतरी. नैसर्गिक म्हटलं की बरंच असणार, असं वाटलं आणि पुढं सरकवलं. ज्या बाईनं वीस वर्षं फळ्यावर सोडियम क्लोराइड लिहिलं, पोरांना मिठाचे खडे दाखवले, तिला एक मिनिट थांबून विचार करावासा वाटला नाही. माझे पेपर तपासून व्हायचे होते.

आणि तू ते सगळ्या गल्लीला सांगितलंस. पुढच्या वेळी आले तेव्हा ओट्यावर तू म्हणत होतीस, "आमच्या सुमीनं सांगितलंय, सायन्सची टीचर हाय ती." मी आत पडल्या पडल्या ऐकलं. छाती फुगली गं माझी. पहिल्यांदा त्या ओट्यावर माझं नाव निघालं होतं.

त्यानंतर वर्षभरानं, म्हणजे गेल्या वर्षापासून, मी आले की तुझं वरण खारट लागायला लागलं. पहिल्या घासालाच कळायचं. सैंधवाची चव जरा फिकी असते, म्हणून तू दोन चिमट्यांच्या जागी चार टाकत असशील, असं मी मनात धरलं. बोलले नाही. एक तर सैंधवच आहे, होऊ दे, असं वाटायचं. आणि दुसरं तुला माहीत आहे. आपल्या घरात लिंगपूजा झाल्यावर ताटात पडतं तो प्रसाद, आणि प्रसादाला नाव ठेवायचं नाही. लहानपणी मी एकदा म्हणाले होते, आज भाजीत मीठच न्हाई, तर अप्पांनी मला ताटावरून उठवलं होतं. कमी पडलं तर मागायचं नाही, जास्त झालं तर बोलायचं नाही, ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. त्यामुळं आपल्यात एखादीचा हात मिठाला सैल झाला तर तिला कुणी सांगतच नाही. दुसऱ्या घरात नवरा ताट सरकवून ओरडला असता. आपण गोड मानून खातो. मीही खाल्लं, ताट धुऊन प्यायले आणि छान झालंय म्हणाले.

मग तो दिवस, बीपी चढून तुला दवाखान्यात न्यावं लागलं तो. मी तो पुन्हा मांडत नाही, तुझ्याबरोबर मी होते. एवढंच सांगते की दवाखान्यातल्या बाकड्यावर मी एकटी बसले असताना एका तरुण डॉक्टरनं खाण्यापिण्याचं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, साधं मीठ तर बंदच होतं, सैंधव खायची. तो म्हणाला, "मॅडम, तेही मीठच आहे ना. बीपीला दोन्ही सारखंच." त्यानं आवाज चढवला नाही, कागदावर काहीतरी लिहून आत गेला. माझ्या शाळेतल्या आठवीच्या पोरानं हे सांगितलं असतं.

तू लिंगैक्य झालीस आणि माझ्या डोक्यात एकच घोकंपट्टी सुरू झाली. मी सांगितलं, तू खाल्लंस. मी सांगितलं, तू खाल्लंस. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मला तो डबा दिसला, गुलाबी खड्यांचा, अर्धा संपलेला. झाकण लावून परत ठेवला. सविताला विचारायची हिंमत झाली नाही.

शिवगणाराधनेच्या दिवशी तुझ्या नावानं सगळी गल्ली जेवली. गव्हाची गोड हुग्गी होती, भात होता, सविताच्या पाकिटातल्या डाळीचं वरण होतं, आणि बरं झालं होतं, खोटं कशाला बोलू. बाया जेवता जेवता तुझंच बोलत होत्या. कुणी म्हणाली, अक्कानं तेलाचा चमचा शिकवला. कुणी म्हणाली, पोरीच्या अंगात रक्त कमी होतं तर अक्कानं राजगिऱ्याची भाजी सांगितली, गोळ्या सोडू नको म्हणून वर बजावलं. मी वाढत फिरत होते आणि मनात म्हणत होते, आता कुणीतरी सैंधवाचं काढणार. तेव्हा मी सांगायचं, की ते चूक होतं, ते मी सांगितलेलं होतं. कुणी काढलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. त्यातल्या दोघी-तिघींना बीपी आहे, हे मला माहीत होतं. तरी भाताचं पातेलं घेऊन मी पुढच्या पंगतीला गेले.

त्या रात्री माझं मला सहन होईना. सकाळी बीदरची बस होती. उजाडल्यावर पिशवी भरली, दारात ठेवली आणि शेजारी रझियाआपांकडं गेले. तुझी भिंतीला भिंत असलेली मैत्रीण, तिचं बीपी तुझ्याआधीचं. मशीनवर पोलकं शिवत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आपा, अक्कानं तुम्हाला सैंधव खायला सांगितलं होतं ना, ते चूक आहे. खाऊ नका. तिची चूक नाही ती. मी सांगितलं होतं तिला."

आपांनी मशीन थांबवलं. चष्मा वर केला.

"अरे टीचर, वो तो पिछले साल की बात है. डॉक्टर बोला था उनकू. उसके बाद अक्का घर-घर आको बोले ना, 'वो भी नमकीच है, छोड़ दो, मेरे से गलती हुई' बोलके."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, माझं नाव नाही घेतलं का तिनं?

"तुमारा? नै. मैं पूछी बी, सुमी टीचर बोली थी ना? तो बोले, 'सुमी सही बोली थी, मैंच अपनी अकल चलाई.'"

अक्का, ओट्यावर शाबासकी होती तेव्हा ती माझ्या नावावर, आणि मान खाली घालायची वेळ आली तेव्हा तू स्वतःच्या. घरोघर फिरलीस. ज्या बाया तुझ्याकडं विचारायला यायच्या त्यांच्या दारात जाऊन, मी चुकले, म्हणालीस. मी वीस वर्षांत एकदाही वर्गासमोर असं म्हणालेले नाही. फळ्यावर चुकलं की डस्टरनं पुसते आणि पोरांना म्हणते, बघू तुमचं लक्ष आहे का.

तशीच परत आले. सविता चुलीपाशी भाकरी थापत होती. मी विचारलं, "अक्कानं सैंधव कधी बंद केलं?"

"डॉक्टरनं सांगितलं तवाच. झालं की वर्ष."

"साधं मीठ?"

"ते बी अगदी कमी. लिंबू पिळून घ्यायच्या वरणावर. सवय झाली म्हणायच्या."

"मग मी यायची तेव्हा वरण...?"

तिनं भाकरी उलटली. मग दुसरी थापायला घेतली. माझ्याकडं न बघता बोलली.

"तुम्ही येणार म्हणलं की त्या दिवशी डबा काढायच्या. म्हणायच्या, आज सुमी यायली, सैंधव टाक, जरा सढळ टाक. मी खायलेय म्हून तिला कळलं पाह्यजे."

"अन् तू टाकायचीस?"

"म्हणलं व्हतं मी, मावशीला सांगू. नको म्हणल्या. तिला चुकलीस म्हणलं की ती जेवत न्हाई म्हणल्या, लहानपणापासनं. दोन घास खायला येती, उपाशी जाईल."

बस कधीच गेली होती. मी तिथंच पाटावर बसले. सवितानं ताट वाढून पुढं ठेवलं आणि मला घास उचलवेना, आणि उचलला नाही तर तुझं म्हणणं खरं होत होतं. म्हणून खाल्लं. रडत रडत सगळं खाल्लं.

दर पंधरा दिवसांतल्या त्या एका खारट जेवणानं तुझं काही झालं नसेल. एवढं विज्ञान मला कळतं, आणि आता निदान विचारून बोलते; डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, बीपीचं एक कारण नसतं. तू आधी वर्षभर माझ्या भरवशावर जे खाल्लंस त्याचं काय, हे विचारायला मी थांबले नाही. ते माझ्याजवळच राहू दे.

तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार आहे. ऐकून घेतलं नसतं. त्या डॉक्टरला काय कळतंय म्हणाले असते, मोबाइलवरचे चार लेख वाचून दाखवले असते, न जेवता उठून बस गाठली असती. मग कधीतरी आठ दिवसांनी गुपचूप पुस्तक काढून बघितलं असतं आणि तुला फोन करून भलतंच काहीतरी बोलले असते, पाऊस पडला का, ज्वारी कशी आहे. त्यावरून तू ओळखलं असतंस की बाईनं मान्य केलं. हे सगळं तुला ठाऊक होतं, म्हणून तू ते टाळलंस.

पण तरी सांगायचं होतंस. कामून सांगितलं न्हाईस गं? गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगितलंस, त्या काय तुझ्या पाठच्या होत्या का? चिडले असते, तुला अडाणी म्हणाले असते, एक दिवस उपाशी राहिले असते. एका दिवसाच्या उपासानं कोण मरतंय.

वर्षभर दर दुसऱ्या रविवारी मी सकाळची बस धरून यायची. ताटाला ताट लावून आपण दोघी बसायचो. तू माझ्यासमोर ते खारट वरण भाकरीबरोबर सावकाश खायचीस, आणि मला बरं वाटायचं की अक्का माझं ऐकते. तू बरी आहेस का ते बघायला येत होते गं मी.